सोमवारचं चुंबकत्व

"आवटी, निसर्गाला सोमवार कळतो!"

कुंभोजकर सर स्टुलावर उभे राहून भिंतीला आलेख चिकटवत होते. चोवीस आठवड्यांचे चोवीस कागद, एकाला एक जोडलेले, प्रयोगशाळेच्या दारापासून पार बेसिनपर्यंत. मी खालून डिंकाची बाटली धरून उभी. आलेख करवतीच्या दातांसारखा दिसत होता. दर सोमवारी टोक वर, मग उतरत उतरत रविवारी जवळजवळ जमिनीवर, आणि पुन्हा सोमवारी वर.

"सर, सोमवार माणसांनी ठरवलाय. निसर्गाला तो कसा कळेल?" मी विचारलं.

"तेच तर परवा जगाला सांगायचंय. चंद्राचे दिवस साधारण अठ्ठावीस. भागिले चार किती?"

"सात."

"मग!" सर म्हणाले आणि आनंदाच्या भरात स्टुलावरून पडता पडता वाचले.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा सव्वीसची होते. हायस्कूलची कायमची नोकरी सोडून पीएच.डी. करायला तालुक्याच्या कॉलेजात आले होते. वडील स्वतः शाळामास्तर. "कायमची नोकरी सोडतेस? अगं, लोक कायम व्हायला नवस बोलतात," एवढं म्हणाले आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. जेवायला बसले की आईला म्हणायचे, "तिला विचार, भाकरी हवी का." मी शेजारीच बसलेली असायची.

तर परवा, म्हणजे सोमवारी, मुंबईहून डॉ. केळुसकर मॅडम विद्यापीठाच्या तज्ज्ञ म्हणून येणार होत्या. त्यांनी काम पाहून होकार दिला तरच माझा विषय मंजूर. नाही दिला तर नोंदणी रद्द, आणि सव्वीस वर्षांची घोडी ना नोकरीत ना कॉलेजात.

माझं काम सांगायला सोपं आणि करायला जीवघेणं होतं. पदार्थ चुंबकाला किती भुलतो ते मोजायचं. त्याला ससेप्टिबिलिटी म्हणतात. काचेच्या नळीत पूड भरायची, नळी तराजूच्या दांडीला दोऱ्याने टांगायची, तिचं बूड मोठ्या विद्युतचुंबकाच्या दोन तोंडांच्या मधोमध आणायचं आणि करंट सोडायचा. पूड डायमॅग्नेटिक असेल तर ती चुंबकापासून तोंड फिरवते, वजन किंचित कमी भरतं. पॅरामॅग्नेटिक असेल तर थोडी ओढली जाते. आणि फेरोमॅग्नेटिक असेल, लोखंडासारखी, तर विचारूच नका, धावतच जाते. माझी पूड होती झिंक ऑक्साइड. पांढरीशुभ्र आणि जगभरच्या पुस्तकांत डायमॅग्नेटिक. तिने दर वेळी तोंड फिरवायला हवं होतं.

पहिले काही महिने ती काहीच धड करत नव्हती. वजन कधी चार मिलिग्रॅम कमी, कधी एक जास्त. खालच्या वर्गात पंखा लावला तरी काटा हलायचा. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी बेसिनपाशी उभी राहून हमसून हमसून रडले. आणि लगेचच्या सोमवारी वजन एकदम अठरा मिलिग्रॅमनी वाढलं! पांढरी पूड लोखंडासारखी वागायला लागली.

सरांना मी सांगितलं. बत्तीस वर्षं शिकवत होते, वर्षभरात निवृत्त होणार होते आणि एकही शोधनिबंध नावावर नव्हता. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आवटी, याला काय नाव द्यावं?" पुढच्या आठवड्यात 'कुंभोजकर परिणाम' असा रबरी शिक्काही करून आणला. माझ्या नोंदवहीच्या प्रत्येक पानावर तो उठवायचे.

वर्तमानपत्रात बातमी आली. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब प्रयोगशाळेत येऊन गेले. नळीकडे बघून म्हणाले, "कुंभोजकर, हे सोमवारचं चुंबक विहिरीच्या मोटरला चालंल का? आमच्याकडं लाइट सोमवारीच असती." सोमवारी सत्काराला फेटा आणि हलगी सांगायचं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

आलेखात एकच आठवडा गडबड करत होता. बारावा. त्यात दातच नव्हता, सोमवारपासून रविवारपर्यंत सपाट रेघ. सरांनी पंचांग काढलं. त्या आठवड्यात नेमकं चंद्रग्रहण! सरांनी रेघेखाली लाल शाईने लिहिलं, 'ग्रहणकालीन स्तब्धता.' मी मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला मुळीच पटलं नव्हतं. पण मंजुरी हवी होती.

रविवारी दुपारी कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. मी रोजच्याप्रमाणे नळी पुसली, टांगली, मोजली. तीन मिलिग्रॅम. रविवारचा भाव तोच. मग डबा उघडून आलेखासमोर बसले. चपाती हातातच राहिली. डोक्यात एकच भुंगा. चंद्राला सोमवार माहीत नाही. झिंकला नाही, काचेला नाही. या खोलीत सोमवार कुणाला माहीत आहे? मी तर रविवारीही इथेच पडलेली. सर सकाळ-संध्याकाळ डोकावणार, सुट्टी असो नसो. रविवारी न येणारा, सोमवारी नेमाने येणारा इथे एकच माणूस होता.

तातोबामामा. तातोबा शिरतोडे, आमचे प्रयोगशाळा परिचर. माझ्या जन्माआधीपासून या खोलीला कुलूप लावणारे आणि उघडणारे.

खिळ्याला त्यांचा हजेरीपट लटकत होता. मी तो काढला आणि बारावा आठवडा शोधला. शनिवारपासून पुढच्या शुक्रवारपर्यंत रजा. कारण, पत्नी आजारी.

मी ताडकन उठले. नळी खाली काढली, भिंग घेतलं. बाजूने स्वच्छ, मीच तर रोज पुसत होते. उलटी करून बूड पाहिलं. बुडाच्या खळगीत करड्या रंगाचा पुसट ठिपका, आठवडाभराच्या हाताळणीत झडून उरलेला. टाचणीने खरवडून पांढऱ्या कागदावर घेतला आणि कागदाखालून पट्टीचुंबक फिरवला. करडे कण चुंबकामागे गुमान चालायला लागले.

चोवीस आठवडे! कुंभोजकर परिणाम! रबरी शिक्का!

आता प्रामाणिक मुलीने काय केलं असतं? ॲसिडात बोळा भिजवून बूड पुसलं असतं आणि सरांच्या घरी धावत गेली असती. मी भिंग ड्रॉवरमध्ये ठेवलं, नळी होती तशी टांगली, हात धुतले आणि घरी गेले. रात्री आईने विचारलं, "हे विचारतायत, उद्या काय आहे तुझं?" शेजारी बसलेल्या वडिलांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी म्हटलं, "उद्या सगळं नीट होणार आहे."

सोमवारी सकाळी आठला पोचले तर मामा प्रयोगशाळेतून बाहेरच पडत होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर नवी टोपी.

"मामा, नळीला काय लावलंत?"

मामांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग टोपी काढून हातात घेतली.

"अंगारा."

"कसला अंगारा?"

"आमच्या डोंगरावरल्या सिद्धनाथाचा. धुनीतला. दर ऐतवारी जातो न्हवं मी, तवा आणतो." मग जरा उत्साहाने म्हणाले, "आज मोठ्या बाई येणार म्हणून दोन बोटं लावलाय."

"त्या धुनीत काय जाळतात?"

"लाकडं. आन् नवस फिटला की लोक घोड्याची नाल वाहत्यात, खिळं वाहत्यात. पिढ्या झाल्या. पार गंजून त्याचं पीठ झालंय धुनीत."

मी कपाळावर हात मारला. लोखंडाचं पीठ, भाजून भाजून काळं झालेलं. त्याच्यासारखं चुंबकाला भुलणारं दुसरं काही सापडलं नसतं.

"पण बुडाला कोण अंगारा लावतं का, मामा? देवाचा अंगारा कपाळाला लावतात!"

"वरच्या अंगाला लावला तर तुमी पुसताय," मामा म्हणाले. "खंडेनवमीला लावला हुता यंत्राला, तवा किती बोललासा मला. ही प्रयोगशाळा हाय का देऊळ हाय, म्हणालासा. पोरांच्या देखत. मग मी म्हटलं, दिसलं न्हाई म्हंजे झालं."

तेव्हा खरंच मी ताडताड बोलले होते. विज्ञान शिकले होते ना, अंगात वारं भरलं होतं.

"मग लावायचाच कशाला?"

मामा टोपी गोल गोल फिरवत राहिले. "त्या शनवारी तुमी हितं नळापाशी रडत हुता. मी दारात हुतो. मला बघवंना. आपल्याला काय त्यातलं कळतंय? आकडा येत न्हाई म्हणत हुता. ऐतवारी डोंगरावर गेलो, देवाला म्हटलं, पोरगी नोकरी सोडून आलीया, तिचा आकडा येऊ दे." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "आन् आला की! सोमवारी आला! मग मी कशाला बंद करतोय?"

बोलता बोलता मी आत जाऊन कपाटातून ॲसिडची बाटली काढली होती, नळीचं बूड पुसायलाच, असं म्हणायला हरकत नाही. पण मी ती तशीच कपाटात ठेवली. मामांच्या तोंडाकडे बघून पुसवेना, हे खरं. मला मंजुरी हवी होती, हे त्याहून खरं.

"कुणाला सांगू नका," मी म्हटलं.

"छ्या! नवसाचं कुणी सांगतंय का?"

अकरा वाजता केळुसकर मॅडम आल्या. बुटक्या, पांढरे केस, खांद्याला कापडी पिशवी. बाहेर व्हरांड्यात आबासाहेब, दोन हलगीवाले आणि ताटात गुलाबी फेटा. हलगीवाल्याने उगाच एक टिपरू मारलं तसं सरांनी दार लावून घेतलं. मामा कोपऱ्यात पाण्याचा तांब्या घेऊन उभे राहिले.

"दाखवा तुमचा सोमवार," मॅडम म्हणाल्या.

सरांनी मला खूण केली. मी करंट सोडला. एरवी काटा हळूच सरकायचा. आज मामांची दोन बोटं होती. नळी जागच्या जागी थरथरली, तिरकी झाली आणि सरळ जाऊन चुंबकाच्या तोंडाला चिकटली. टिंग!

"सोमवार!" सर ओरडले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. "मॅडम, इतका जोर आजवर नव्हता. हा तुमच्या येण्याचा मान आहे!"

मॅडमनी आलेख बघितला. दारापासून बेसिनपर्यंत चालत गेल्या, परत आल्या. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, "रिकामी नळी कधी मोजली होतीस?"

 पूड भरण्याआधी रिकामी नळी मोजतात, नुसत्या काचेचा भाग वजा करायला. पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे माहीत असतं.

"ऑगस्टमध्ये," मी म्हटलं.

"आता मोज."

मी पूड बशीत ओतली. रिकामी नळी टांगली. बटण दाबलं. टिंग!

रिकामी नळी चुंबकाला चिकटून बसली. आत काही म्हणजे काही नव्हतं.

 मग सरांनी एक पाऊल मागे घेतलं. चेहऱ्यावर भीती होती आणि हर्षही होता.

"लागण," ते पुटपुटले. "आवटी, काचेलाही लागण झाली! मॅडम, हे चुंबकत्व सांसर्गिक आहे!"

मॅडम सरांकडे बघत राहिल्या. मी सरांकडे बघितलं आणि मला इतकं वाईट वाटलं की वाटलं, आत्ता बोलले नाही तर हा माणूस उद्या नळीला लस टोचेल.

"सर, बुडाला अंगारा आहे," मी म्हटलं. "मी लावला."

"अवो म्याडम, काय बी काय सांगताय!" तांब्या टेबलावर आपटून मामा माझ्याकडे बघत पुढे आले. "मी लावलाय. हा बघा पुडा. सिद्धनाथाचा अंगारा कुणी बी लावत न्हाई, सोवळ्यानं लावावा लागतो. ह्यांनी तर डोंगर पण बघितलेला न्हाई."

"तातोबा, गप्प बस!" सर कडाडले. "तुझ्या अंगाऱ्यात एवढा दम असेल तर बत्तीस वर्षं मी काय करत होतो? हा माझा परिणाम आहे!"

"तुमचाच हाय सर," मामा नरमाईने म्हणाले. "अंगारा तेवढा माझा."

मॅडमनी ॲसिड मागत हात पुढे केला. मी कपाटातून ॲसिडची बाटली काढून दिली. त्यांनी स्वतः बूड पुसलं, नळी धुतली, वाळवली, पूड भरायला मला दिली. करंट सोडला. काटा हळूच दुसऱ्या बाजूला सरकला. वजन चार मिलिग्रॅम कमी. झिंक ऑक्साइडने चुंबकापासून तोंड फिरवलं होतं, पुस्तकात लिहिलंय तसं, शांतपणे.

सर स्टुलावर बसले. खिशातून रबरी शिक्का काढला, बघितला आणि परत खिशात ठेवला. त्यांच्याकडे बघायचा मला धीर होईना.

मॅडम आलेखाच्या बाराव्या कागदापाशी उभ्या होत्या. "इथे काय झालं?"

"चंद्रग्रहण," सर खाली मान घालून म्हणाले.

"म्हातारीला टायफाइड झालता," मामा म्हणाले. "डोंगरावर जायाला जमलं न्हाई."

मॅडम त्या सपाट रेघेवरून बोट फिरवत राहिल्या. मग खुर्चीत बसल्या आणि माझा अर्ज पुढे ओढला.

"विषय नामंजूर," त्या म्हणाल्या.

अपेक्षितच होतं. तरी मी टेबलाची कड धरली. डोळ्यांपुढे वडील आले. "तिला विचार, आता काय करणार."

"तुला हे कधी कळलं?"

"काल दुपारी."

"मग नळी चिकटली तेव्हा का गप्प होतीस?"

"मंजुरी हवी होती म्हणून."

"हं." त्यांनी नोंदवही उघडली. "हे सगळे आकडे तू घेतलेस? रोज?"

"हो."

"माझ्या संस्थेतली मुलं नको तो आकडा आला की खोडरबर घेतात. तुला बारावा आठवडा सरांच्या मनासारखा करता आला असता. नाही केलास. अगं, इतकं चोख मोजलंस की एका माणसाची बायको आजारी पडली ते तराजूत दिसतंय." त्यांनी पेन माझ्या हातात दिलं. "आता शेवटचं पान लिही. खरं कधी कळलं, का लपवलं आणि कधी सांगितलं. तेही चोख लिही."

मी उभ्याने लिहिलं. चार ओळी. आयुष्यात कुठल्याही परीक्षेत इतका घाम फुटला नव्हता. त्यांनी वाचलं आणि माझ्या अर्जावरची 'झिंक ऑक्साइड' ही अक्षरं खोडली.

"नोंदणी रद्द करत नाही. विषय बदलते. धुनीच्या राखेची ससेप्टिबिलिटी. एवढ्या पिढ्यांचं लोखंड आहे त्यात, थर लागले असतील. मोजशील?"

मी नुसती मान हलवली.

एवढ्यात दार ढकलून आबासाहेब आत आले. "झालं का? फेटेवाल्याला दुसरीकडं लगीन हाय."

"सत्कार रद्द, आबासाहेब," सर म्हणाले. "शोध लागला नाही."

"आँ? मग हलगी?" आबासाहेबांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "फेटा काय परत जात न्हाई. कुणाला तरी बांधा."

मॅडमनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "चोवीस आठवड्यांत एकच चुकवलाय त्यांनी. त्यांना बांधा."

मामा नको नको म्हणत मागे सरत होते, पण फेटेवाल्याला घाई होती. व्हरांड्यात हलगी कडकडली. गुलाबी फेट्यातल्या मामांना टाळ्या मिळाल्या. पहिली टाळी कुंभोजकर सरांनी वाजवली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून त्यांच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोललेलं मी आजही ऐकून घेत नाही.

संध्याकाळी घरी जाऊन मी सगळं सांगितलं. वडिलांचा घास हातातच राहिला. नोकरी सोडल्यापासून ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले. म्हणाले, "राख? म्हणजे राखेत डॉक्टर?"

पण ते घरचं झालं. त्याआधी, सगळे गेल्यावर, मी आणि मामा प्रयोगशाळा आवरत होतो. मामांनी फेटा उतरवून टेबलावर नीट ठेवला होता. आलेखाचे कागद गुंडाळताना ते हळूच म्हणाले, "म्याडम, माझ्यापायी तुमचं सगळं वाटुळं झालं न्हवं?"

"नाही मामा."

"आता न्हाई लावणार. देवाशपथ. नळीला बोट लावणार न्हाई."

"नळीला नका लावू," मी म्हटलं. "पुडा आहे का खिशात?"

त्यांनी पुडा काढला. मी त्यांच्यासमोर मान खाली केली. मामा घुटमळले.

"पुसशीला परत."

"नाही पुसणार."

त्यांचं खरखरीत बोट माझ्या कपाळावर टेकलं. राख थंडगार होती. मग मी दिवा मालवला आणि मामांनी कुलूप लावलं.